आधी उतरणारे मास्तर

इमामपूरचा घाट जवळ आला की नेवासकर मास्तर कुणी सांगण्याआधीच मोटारीतून उतरत.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं आणि श्रीरामपूरहून नेवासं, घोडेगाव करत नगरला येणारी सर्व्हिस मोटार कोळशावर चाले. मागे पिंपाएवढी शेगडी, तिच्यात धुमसणारा कोळसा, आणि त्या धुराच्या जिवावर ते धूड रडतखडत रस्ता कापी. सपाटीला ती एखाद्या टांग्याला मागंही टाकी, पण घाटात तिला दमा लागे. मग गणपा क्लीनर मागच्या शिडीला लोंबकळत आरोळी ठोके, "गेट डाउन! समदे गेट डाउन!" हे इंग्रजी त्यानं नगरच्या कॅम्पात गोऱ्यांच्या लॉऱ्या धुता धुता उचललं होतं, आणि तेवढ्या दोन शब्दांवर तो स्वतःला निम्मा मिलिटरीतला समजे. उतारू कुरकुरत उतरत, थोडं चालत, थोडं ढकलत, आणि माथ्यावर पुन्हा आपापल्या जागेसाठी भांडत.

मास्तर आरोळीची वाट पाहत नसत. पायथ्याशी मोटारीचा आवाज जरा घोगरा झाला, की छत्री काखेत, पिशवी गळ्यात, धोतराचा सोगा वर खोचलेला, आणि मास्तर खाली! एकदा मोटारीची तब्येत अचानक बरी निघाली. ती एका दमात घाट चढून गेली आणि मास्तर एकटेच पायथ्याशी राहिले. ते चालत वर आले तोवर गणपानं गाडी थांबवून ठेवली होती.

"मास्तर, म्या आरडलो हुतो का? कशापायी उतरलात?"

"असू दे रे," मास्तर धापा टाकत म्हणाले. "कुणी उतरवायच्या आत आपण उतरावं. त्यात अब्रू राहते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. इतर लोक अशी वाक्यं चौकटीत घालून भिंतीला टांगतात. मास्तर ते वाक्य अक्षरशः चालत, आणि तेही चढावर.

यशवंत गणेश नेवासकर हे त्यांचं पूर्ण नाव. आईबापांनी नाव ठेवताना जरा घाई केली, असं ते स्वतःच म्हणत. घोडेगावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत ते मराठी शिकवत. उंच, वाळकुडे, मान किंचित पुढे, जणू समोरच्याची क्षमा मागण्याची तयारी चालली आहे. मी तेव्हा नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा नवा कोरा शिक्षक होतो, आणि नवा असल्यामुळे मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता. एका रविवारी सकाळी मास्तर माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. चपला बाहेर, पिशवी पोटाशी.

"सर, मला इंग्रजी हवंय."

औषधाच्या दुकानात मागावं तसं त्यांनी मागितलं, म्हणून मीही दुकानदार झालो. "किती देऊ?"

"पस्तीस मार्कांचं," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याहून जास्त नको. मला पेलणार नाही."

मास्तर मॅट्रिकला बसत होते. दर मार्चात बसत, दर जूनमध्ये उठत. गणितात पास, संस्कृतात पास, इतिहासात तर परीक्षकाला चार गोष्टी नव्या कळाव्यात इतके पास. इंग्रजीत मात्र दरवेळी खाली. आणि एका विषयात खाली म्हणजे सगळंच खाली. "तुम्हाला मॅट्रिक कशाला हवंय?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी छत्रीच्या मुठीकडे पाहत सांगितलं, "आमची मंडळी बेलापूरला आहे."

मंडळी म्हणजे मला वाटलं आईवडील, भावंडं, सगळा गोतावळा. नंतर उलगडा झाला की मंडळी म्हणजे एकच माणूस: त्यांची बायको. गावाचं नाव श्रीरामपूर, पण स्टेशनवरची पाटी बेलापूरची, म्हणून जुनी माणसं बेलापूरच म्हणत. तिथे मास्तरांचे सासरे, तात्या, एका वकिलाकडे कारकून होते. लग्न ठरलं तेव्हा मास्तर मॅट्रिकला बसणारच होते. तात्या म्हणाले, मुलगी लहान आहे, जावई एकदा मॅट्रिक झाले की लगेच पाठवतो. लग्न लागलं, ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं: सुशीला. पण त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही, कारण हाक मारायला ती घोडेगावच्या घरात राहिलीच नाही. ती बेलापुरात इंदूची इंदूच राहिली आणि मास्तर घोडेगावात स्वतःची भाकरी स्वतः थापत राहिले. मुलगी आता लहान उरली नव्हती. परीक्षा मात्र तेवढीच होती.

दर जूनमध्ये नगरला येऊन ते वर्तमानपत्रात निकाल बघत आणि तसेच आगगाडीनं बेलापूरला जात. पास झाले तर बायकोला आणायला, नापास झाले तर तसं सांगायला. आजवर ते फक्त सांगायलाच गेले होते.

"सासरे चिडतात?" मी विचारलं.

"छे! देवमाणूस. स्वतः स्टेशनवर येतात. हात धरून डब्यातून उतरवतात. माझी पिशवी मला उचलू देत नाहीत. जेवायला श्रीखंड. निघताना म्हणतात, 'यशवंतराव, घाई कसली? विद्या ही सायीसारखी असते, हळूहळूच धरते.'"

श्रीखंड खाऊन परत येणारा हा माणूस मला डोळ्यांसमोर दिसला आणि तात्यांविषयी माझं मत त्याच क्षणी वाईट झालं. शिव्या देणाऱ्या सासऱ्याशी भांडता तरी येतं. श्रीखंडाशी कसं भांडणार?

असो. शिकवणी सुरू झाली. इंग्रजी भाषेत 'गेट' नावाचं एक घराणं आहे. त्यातली भावंडं दिसायला सारखी, पण एकाचा स्वभाव दुसऱ्यात नाही. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. ही सगळी मास्तरांनी मुकाट्यानं पाठ केली. घोडं अडलं ते 'गेट डाउन'पाशी.

"हे मला येतं," मास्तर पहिल्यांदाच खुलले. "गणपाचं इंग्रजी. गेट डाउन म्हणजे उतरणे."

"बरोबर. पण गेट आणि डाउन हे दोन शिपाई आहेत असं समजा. मध्ये कुणी नसेल तर नुसतं उतरणं. मध्ये माणूस उभा केला, की त्या माणसाचं काही खरं नाही. गेट मी डाउन, गेट हिम डाउन. म्हणजे त्याला खचवणं. त्याची उमेद मारणं."

"म्हणजे हात धरून उतरवणं."

"हात धरून नव्हे हो! झाडावर चढलेल्या पोराला उतरवताना तसं म्हणतील एखादे वेळी. पण एरवी अर्थ तो नाही." मी खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. शिकवताना मला जरा नाटकी व्हायची सवय आहे, ती अजून गेलेली नाही. "मास्तर, तुमच्या घोडेगावात जनावरांचा बाजार भरतो. उधळणाऱ्या खोंडाला गरीब करायचं असतं, तेव्हा त्याला काय करतात?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "खच्ची करतात," ते हळूच म्हणाले.

"बस्स! तेच. फक्त इथे चिमटा नाही, दोर नाही, रक्त नाही. नुसत्या बोलण्यानं होतं. पुष्कळदा बोलावंही लागत नाही. आणि करणारा माणूसच पाहिजे असंही नाही. पाऊस करतो, पगार करतो, लढाईच्या बातम्या करतात. रोज थोडं थोडं. साहेब मग म्हणतो, इट गेट्स मी डाउन."

"आणि मराठी माणूस काय म्हणतो?"

"मराठी माणूस म्हणतो, 'बरं चाललंय.'"

मास्तर हसले. मग म्हणाले, "सर, तुमचा अर्थ बरोबरच असणार. पण तो बैलांचा शब्द झाला. मी आपला उतरण्याचा धरतो. तो माणसांचा आहे."

मी डोक्याला हात लावला. एका बाजूला मी आणि माझी डिक्शनरी, दुसऱ्या बाजूला शिडीला लोंबकळणारा गणपा. मास्तरांनी गणपाला मत दिलं.

मार्चात परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर संपल्यावर मास्तर थेट माझ्याकडे आले. चेहऱ्यावर घाम, बोटांना शाई.

"सर, आला होता. गेट डाउन. वाक्यात उपयोग करा."

"मग? काय केलात उपयोग?"

मास्तर ताठ उभे राहिले आणि कविता म्हणावी तसं त्यांनी म्हटलं, "एव्हरी इयर माय फादर-इन-लॉ गेट्स मी डाउन."

मी खुर्चीतून उठलो आणि त्यांना मिठीच मारली. "मास्तर! जिंकलात! इतकं नेमकं वाक्य लंडनच्या साहेबालासुद्धा सुचायचं नाही. शेवटी अर्थ कळला म्हणायचा!"

"त्यात कळायचं काय?" मास्तर गोंधळले. "तात्या दर वर्षी उतरवतात ना मला. डब्यातून. हात धरून."

मी किती वेळ हसत होतो ते आठवत नाही. शेजारच्या खोलीतून पाणी आलं, एवढं आठवतं. मग मी त्यांना समजावून सांगितलं की वाचणाऱ्याला त्यातून काय कळेल: दर वर्षी माझे सासरे मला खच्ची करतात. हे ऐकून मास्तरांचा चेहरा जो उतरला, तो उतरण्याचा तिसरा अर्थ मला त्यांना सांगावाच लागला नाही.

"अरे देवा," ते म्हणाले. "तात्यांविषयी मी असं लिहिलं? परक्या माणसाला? सर, युनिव्हर्सिटीला खुलासा धाडता येतो का? माझे सासरे सज्जन आहेत, एवढाच."

मी त्यांना शपथ घातली की खुलासा धाडायचा नाही. आणि माझं ठाम मत आहे, मग कुणी काही म्हणो, की मास्तरांना त्या साली जे पस्तीस मार्क मिळाले, ते त्या एका वाक्यानं ओढून आणले. परीक्षकालाही सासरा असणार.

होय, मास्तर पास झाले. वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून ते कुजबुजले, "छापणाऱ्याची चूक असेल." नंबर ताडून पाहिला, नाव आठवून पाहिलं, तरी त्यांना खरं वाटेना. मग एकदम म्हणाले, "सर, तुम्ही बरोबर चला. तुम्ही असलात म्हणजे मला बोलता येईल." माझी सुट्टी होती आणि तात्या नावाचा प्राणी पाहण्याची मला विलक्षण हौस होती. मी निघालो. मास्तरांनी गणपाला आधीच निरोप धाडला होता: येताना मोटारीनं येणार, पुढची जागा राखून ठेव, मंडळी बरोबर असेल.

बेलापूर स्टेशनवर तात्या हजर. गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत पाणी. "या, मॅट्रिक, या!" म्हणत त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि डब्यातून उतरवलं. मी मास्तरांकडे पाहून डोळा मारला. ते फार लाजले.

जेवणं झाली. श्रीखंड खरोखरच उत्तम होतं, हे मला कबूल करावं लागलं. सुपारी कातरता कातरता तात्यांनी आत आवाज दिला, "इंदू, आटोप. मोटारीची वेळ होते."

ती बाहेर आली. मी कल्पना केली होती तशी बुजरी मुलगी नव्हती ती. चांगली मोठी, शांत बाई होती. मिशनच्या शाळेत ती मुलींना शिवण शिकवायला जाई, हे मला जेवताना कळलं होतं. हातात ट्रंक नव्हती. पदराला हात पुसत ती चौकटीशी उभी राहिली.

"मी येणार नाही, तात्या."

"अगं, वेडी का काय? पास झालेत ते!"

"वाचलं मी."

"मग आता अडलं कुठे?"

ती तात्यांशी बोलत होती, पण पाहत होती मास्तरांकडे. "हे दर वर्षी यायचे. ह्याच बाकावर बसायचे. मी त्या दाराआड ट्रंक भरून उभी असायची. दर वर्षी भरायची. तुम्ही तोंड उघडायच्या आत हेच म्हणायचे, 'तात्या, ह्या खेपेस जमलं नाही, पुढच्या वर्षी येतो.' तुम्ही नाही म्हणायची वेळच यांनी कधी येऊ दिली नाही."

तात्यांचा अडकित्ता थांबला. "मी तर दरवेळी म्हणणार होतो," ते पुटपुटले, "की घेऊन जा आता. पण हेच घाईनं..."

"नापास माणसाबरोबर आले असते मी," ती म्हणाली. "'चल' एवढंच म्हणायचं होतं. मॅट्रिकला बसायला लागत नाही त्याला."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता म्हणतील. आत्ता, ह्या क्षणी, चल म्हणतील! मी मनातल्या मनात त्यांना तो शब्द सांगत होतो, वर्गातल्या पोराला सांगावा तसा. दोनच अक्षरं.

मास्तर म्हणाले, "मग पुढच्या वर्षी येऊ का?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "नका येऊ. मनातून उतरलं आता सगळं." आणि आत गेली. तात्या उठून तिच्यामागे गेले. आतून त्यांचा आवाज येत राहिला, तिचा आला नाही. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि त्यांनी मास्तरांची पिशवी उचलून मास्तरांच्या हातात दिली. त्या पिशवीला मास्तरांचा हात त्या घरात पहिल्यांदाच लागला असावा.

मोटार स्टँडवर गणपा वाट पाहत होता. पुढच्या जागेवर त्यानं धुतलेली घोंगडी घालून ठेवली होती. "मास्तर, मंडळी कुटं हाय?" त्यानं दात काढत विचारलं. मास्तर मागच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले. मी मान हलवली. गणपाचे दात मिटले. ती पुढची जागा त्यानं नगरपर्यंत कुणाला दिली नाही. नेवाशाला एका गुजरानं तिच्यावर बसायचा प्रयत्न केला, तेव्हा गणपा त्याच्यावर असा वसकला की तो बिचारा टपावर जाऊन बसला.

घोडेगाव आलं. स्टँडवर मास्तरांच्या शेजारची म्हातारी उभी होती. नव्या सुनेवरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. ती खिडकीखिडकीतून आत डोकावत होती. "मास्तर, सूनबाई कुनीकडं हायत? उतरा की!" मास्तर छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले. "उतरायचं ना?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मोटार निघाली. म्हातारी तांब्या घेऊन धुरात तशीच उभी राहिली.

मग घाट आला. मोटारीचा आवाज घोगरा झाला आणि मी सवयीनं मास्तरांकडे पाहिलं. आता छत्री काखेत जाणार, सोगा खोचला जाणार. काही झालं नाही. मोटार धापा टाकत थांबली. गणपानं आरोळी ठोकली आणि बायकापोरांसकट सगळे उतरले. मीही उतरलो. आत एकटे मास्तर.

गणपा खिडकीपाशी गेला. त्या माणसाला हसवावं, एवढंच त्या बिचाऱ्याच्या मनात असणार. त्यानं टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "गेट डाउन, मास्तर!"

माझ्या एवढ्या दिवसांच्या शिकवणीत मास्तर आपणहून इंग्रजी कधी बोलले नव्हते. पाठ केलेलं म्हणत, विचारलं तर सांगत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि सहज, न अडखळता म्हणाले, "आय ॲम डाउन, गणपा."

व्याकरणात काही चूक नव्हती.

गणपा माझ्याकडे वळला. "सर, काय म्हनत्यात ह्ये?"

"म्हणतात, मी उतरलोय."

"उतरल्यात?" गणपा चक्रावून खिडकीत पाहू लागला. "ह्ये तर आत बसल्यात की!"

मी मागे जाऊन मोटारीला खांदा लावला. गणपानं लावला, गुजरानं लावला, पोरंबाळंसुद्धा लागली. आणि मास्तरांना आत घेऊन ती मोटार आम्ही घाटाच्या माथ्यापर्यंत ढकलत नेली.